बसवून खूण केली

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक वळकटी आणि पिशवीत कोंबलेली माझी उशी. ताईने दार उघडताच विचारलं, की राहायला आली आहेस की आम्हाला बाहेर काढायला. भावोजींनी जड बॅग हौसेने उचलली आणि तिसऱ्या पायरीवर कंबर धरून बसले. आता महिनाभर ही बॅग मला ऐकावी लागणार. माझी भाची चिऊ सात वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत. तिने आपल्या खोलीत खडूने रेघ मारून निम्मी जागा मला आखून दिली आहे. कपाट माझ्या बाजूला, खिडकी तिच्या बाजूला. खिडकीतून बघायचं असेल तर आधी विचारायचं, असं ठरलं आहे.

उद्यापासून डोळ्यांच्या दवाखान्यात रुजू. सात वर्षं मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं मांडून देण्यात गेली, पण ती हाडांची आणि पोटांची. डोळा मला नवा. तिथला विभाग बंद पडला तेव्हा भावोजींनी इथल्या डॉक्टरबाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकला. दवाखान्याची यंत्रं तेच दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे. जेवताना दोनदा म्हणाले, की माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं. मी म्हटलं, तुमचं नाक कापायला आमच्या जुन्या विभागातली करवत लागेल. ताईला हसता हसता ठसका लागला.

बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी असं पोटभर हसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दवाखाना दुमजली आहे. खाली तपासणी, वर ऑपरेशन थिएटर. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बुटक्या, हळू बोलणाऱ्या. त्यांचं बोलणं ऐकायला आपल्यालाच वाकावं लागतं. खरी सत्ता मुख्य सिस्टरची. तिला पाठीमागे सगळे ‘मुकादम’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मला वाटतं आवडतंही. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, की इथे घाई करायची ती फक्त घरी जाताना.

आज तिने मला डोळ्यावर खुणा करायच्या मार्करांची पेटी दाखवली. मी करवती आणि हातोडे हाताळलेली बाई. ही हत्यारं बघून हसूच आलं. भातुकलीतली भांडी जणू. एकाच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी कडी आणि तिच्यावर अंश कोरलेले. दुसऱ्याला समोरासमोर दोन बोथट पाती. तिसरं सगळ्यांत गोंडस: त्याला खाली एक वजन लोंबतं, ते हलतं, डुलतं आणि मग स्थिर होतं. ते थांबलं, की पाती बरोबर आडव्या रेषेत आली समजायचं.

हे कशासाठी, तेही मुकादमने नीट समजावलं. काही जणांचं बुबुळ सगळीकडून सारखं गोल नसतं, एका अंगाने जास्त फुगीर असतं. मोतीबिंदू काढल्यावर अशांना एक खास भिंग बसवतात आणि ते ठरलेल्या कोनातच बसलं पाहिजे. कोन मोजायला आडवी रेघ हवी. म्हणून आधी बुबुळाच्या अगदी कडेला, पांढऱ्या भागात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे जांभळ्या शाईचे दोन ठिपके उठवायचे. डोळा थेंब टाकून बधिर केलेला असतो, त्यामुळे दुखत नाही. एक-दोन दिवसांत शाई आपोआप धुऊन जाते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणून जे तिने मला तीनदा म्हणायला लावलं ते हे: खूण माणसाला बसवूनच करायची. माणूस आडवा झाला, की डोळा खोबणीत किंचित फिरतो. कुणाचा दोन अंश, कुणाचा दहा-बारा. निजलेल्याला खूण केली, की भिंग तेवढंच तिरकं बसणार. फायलीतल्या फॉर्मवर तशी ओळच छापलेली आहे, ‘रुग्णास बसवून खूण केली’. तिच्यापुढे चौकटीत बरोबरची खूण आणि खाली सही. आता ती चौकट आणि ती सही माझी असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

सराव चालू आहे. मुकादमने जुनं मार्कर आणि शाई घरी नेऊ दिली आणि उकडलेल्या अंड्यांवर ठिपके काढायला सांगितलं. सकाळपासून आठ अंडी रंगवली. हात जराही हलला नाही. देवाने दुसरं काही दिलं नसेल मला, पण हात दिलाय. भावोजींनी जांभळ्या ठिपक्यांची अंडी खायला साफ नकार दिला, म्हणाले, ही माझ्याकडे बघतायत. चिऊने मात्र दोन खाल्ली. मग ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि डोळे मोठे करून म्हणाली, की आता माझ्यावर काढ. मी शाई न लावता मार्कर नुसतं तिच्या गालावर टेकवलं. तिला गुदगुल्या झाल्या.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मुकादम शेजारी उभी राहणार. गुरुवारपासून मी एकटी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला एकटीचा दिवस. यादीत नऊ जण होते.

पाचवे एक गवंडीकाका. साठी उलटलेली, हात असे की मिठी मारली तर सोलून निघू. दुसरा डोळा तरुणपणी दगडाची कपची उडून गेलेला. हा एकच, आणि त्यातही मोतीबिंदू. बाहेर बाकावर त्यांनी माझ्या ट्रेमधलं वजनाचं मार्कर पाहिलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. हा तर आमचा ओळंबा, म्हणाले. चाळीस वर्षं भिंतीला लावतोय, आज माझ्या डोळ्याला लागणार. मला म्हणाले, पोरी, सरळ काम कर हां, मी तुझ्या कामाला ओळंबा लावून बघेन.

त्यांना बसवून खूण केली. सगळं नीट झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, छान.

थकले आहे. आज एवढंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्ट्या काढल्या. बाकी आठ जणांचा नुसता आनंदीआनंद. एका आजींना आपल्या सुनेच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसल्या आणि त्यांनी त्या मोठ्याने मोजल्या.

गवंडीकाका दाराकडे बघत होते. उजेड आलाय म्हणाले, रंगही दिसतायत, पण दाराची चौकट नीट बसवलेली नाही का तुमची? चौकट ठीक होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज असते दोन-तीन दिवस, होईल. काकांनी मान डोलावली आणि पुन्हा चौकटीकडे पाहिलं.

होईल. सूज असते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काका परत आले. सूज उतरली आहे, तरी सगळं कललेलं आणि कडा दुणावलेल्या. डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. भिंग सरकलेलं नाही. ज्या खुणांवर बसवलं होतं तिथेच आहे. मग त्यांनी फाईल उघडली, माझी सही पाहिली आणि मला आत बोलावून सहज विचारलं, की खूण बसवूनच केली होती ना.

मी हो म्हटलं.

मग त्यांनी मला समजावलं, नवीन आहे म्हणून. खूण चुकली असती तर गोष्ट सोपी होती: दोन आठवड्यांच्या आत डोळा पुन्हा उघडून भिंग फिरवता येतं. त्यानंतर भिंग ज्यात बसवतात ती डोळ्यातली पातळ पिशवी त्याला घट्ट धरते, मग ओढायला गेलं तर फाटते. पण खूण बरोबर असेल, तर दोष कुठेतरी दुसरीकडे आहे आणि माणसाचा एकुलता एक डोळा नुसत्या शंकेवर पुन्हा उघडायचा नसतो. तेव्हा वाट बघू. दोन आठवडे म्हणजे सत्तावीस तारीख.

मी ट्रे उचलून बाहेर आले. हात स्थिर होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी डॉक्टरबाई जिन्यात भेटल्या. लख्ख ऊन होतं, मला भास झाला असं म्हणायला जागा नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत, बुबुळाच्या कडेला, दोन दोन जांभळे ठिपके. ओले. आत्ताच कुणी उठवल्यासारखे. आणि आडव्या रेषेत नाहीत. डावा वर, उजवा खाली.

मी म्हटलं, डोळ्यात काही गेलंय का. त्या म्हणाल्या, नाही गं, का? आणि बोलताना त्यांनी मान जरा उजवीकडे कलती केली. दिवसभर तशीच होती. मुकादमला आडून विचारलं, बाईंची मान धरली आहे का. ती म्हणाली, बाई नेहमीसारख्याच आहेत, तूच चहा घे जरा.

चहा घेतला. ठिपके तिथेच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज ही वही उघडली आणि तेरा तारखेच्या पानावर दोन जांभळे ठिपके दिसले. समासात एक, दुसऱ्या कडेला एक, आणि त्यांच्या मधली ओळ वाकडी झालेली. ‘त्यांना बसवून खूण केली’ ही ओळ. मी कधीच वाकडं लिहीत नाही.

तेव्हा लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.

मी काकांना बसवलं नाही. त्या दिवशी चौथ्या पेशंटला वेळ लागला, मी ट्रे बदलायला गेले आणि परत येते तर काका टेबलावर आडवे. बाकावर बसून पाठ अवघडली, जरा टेकतो म्हणाले, म्हणून वॉर्डातल्या बाईने त्यांना सरळ आत आणून निजवलं होतं. थेंब टाकून झाले होते, चेहरा धुऊन झाला होता. डॉक्टरबाई आमच्याकडे पाठ करून हात धूत होत्या. मला आठवलं. शपथेवर सांगते, मला नेमकं आठवलं, की यांना खूण राहिली आहे आणि यांना उठवायला हवं. दोन मिनिटांचं काम. पण मग बाई थांबल्या असत्या, मुकादमने भुवई वर केली असती, पहिलाच एकटीचा दिवस, पाचव्याच पेशंटला चूक. निजलेल्या माणसाला वजनाचं मार्कर चालत नाही, म्हणून दोन पात्यांचं साधं उचललं, अंदाजाने आडवी रेघ धरली आणि टेकवलं. हात जराही हलला नाही. काका वर बघून हसले. मग फॉर्मवर खूण केली आणि सही.

दोन मिनिटं वाचवली मी. त्या माणसाचा एकच डोळा आहे.

मला माझी लाज वाटते.

नंतर: मागचं पान पुन्हा पाहिलं. ठिपके नाहीत. ओळ सरळ.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आता नियम कळला. ज्याला ती थाप मारली, त्याच्या डोळ्यांत ते ठिपके उठतात. काल ताईने विचारलं, जेवत का नाहीस, कामात काही बिनसलंय का. मी म्हटलं, छे, माझं काम चोख आहे. भावोजी शेजारीच होते. आज सकाळी दोघेही माना कलत्या करून चहा पीत होते. ताईने कपबशी टेबलावर ठेवली ती तिरकी ठेवली आणि चहा सांडला, आणि दोघांनाही सांडलेला दिसेना. मी फडक्याने पुसला.

चिऊनेही विचारलं होतं रात्री अंथरुणात, मावशी, तुझं काही चुकलं का. मी म्हटलं, नाही गं राणी.

तिने आज खडूची रेघ पुन्हा आखली, पुसट झाली होती म्हणून. भिंतीपासून निघून माझ्या अंथरुणावरून तिरकी गेली. मला म्हणाली, बघ कशी सरळ काढली.

तिचे डोळे बघवत नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काका आले होते. तपासणी नव्हती, नुसतेच आले आणि बाकावर माझ्या शेजारी बसले. बुधवारी कामावर गेले होते. कमरेएवढी भिंत बांधली आणि हाताखालची माणसं तोंड फिरवून हसायला लागली. ओळंबा लावला तर विटा वीतभर बाहेर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाले. स्वतःच्या हाताने पाडली ती भिंत. आता परांचीवर चढू देत नाहीत, म्हणे खाली बसून विटा मोजा.

तक्रार म्हणून सांगत नव्हते. उलट मलाच समजावत होते, की तू मनाला लावून घेऊ नकोस, आमचा डोळाच जुना.

मग त्यांनी विचारलं. हळूच, मलाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. म्हणाले, पोरी, मी तेव्हा निजलेलो होतो ना गं? तू ते लावलंस तेव्हा मला छताचा दिवा दिसत होता. त्यात वजन काही हललं नाही. मी उगाच विचारतो.

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, नाही काका, तुम्ही बसला होतात. थेंबांमुळे नीट आठवत नसेल.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, असेल असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे ठरवलं, निदान एकीला तरी सांगायचं. चिऊला सांगितलं. सगळं, तिला कळेल असं. ती विचार करून म्हणाली, मग त्यांना सांग की आता. भिंग फिरवतील ना? मी म्हटलं, फिरवतील. ती म्हणाली, मग रडतेस काय.

दुपारपर्यंत तिचे डोळे स्वच्छ. मान सरळ. मी तिला खिडकीत नेऊन चारदा पाहिलं. तिने रेघ पुसली आणि नवीन काढली, अगदी सरळ.

म्हणजे उतरतात. खरं सांगितलं, की उतरतात. इतकंच करायचं आहे. उद्या सकाळी पहिलं काम, आधी डॉक्टरबाईंकडे. काय होईल जास्तीत जास्त? नोकरी जाईल. भावोजींची मान खाली जाईल. मुकादम त्या नजरेने बघेल. बघू दे. काकांना त्यांची भिंत परत मिळेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं नाही.

दारापर्यंत गेले होते. आत काका बसले होते. त्यांच्या एकाच डोळ्यात दोन ठिपके, मोठे, शाई गालावर ओघळलेली. डॉक्टरबाई आणि ते एकमेकांसमोर, दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. काका सांगत होते, की आता मला स्वच्छ आठवतंय, मी बसलो होतो. स्टुलावर. ते वजन डुलत होतं, मग थांबलं.

मी स्टूल म्हटलंच नव्हतं. वजनही म्हटलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनाने जुळवलं. माझी थाप त्यांच्यात वाढते आहे.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, काही काम होतं का. मी म्हटलं, काही नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चिऊने विचारलं, सांगितलंस?

तिच्याशी खोटं बोलायचं नाही, नाही, नाही, असं घोकत घरी आले होते. ती दारातच उभी, खांद्याला दप्तर. इतक्या आशेने बघत होती.

हो म्हटलं. सांगितलं म्हटलं. तिने उडी मारली आणि मला मिठी मारली.

संध्याकाळी ती जिन्यात पडली. पायरी कुठे आहे ते तिला कळलं नाही. हनुवटीला तीन टाके. ताई म्हणते, पोरं पडायचीच. ताईची मान इतकी कलली आहे, की कान खांद्याला —

मी केलं हे. मी. दुसऱ्या कुणीही नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारच्या सुट्टीत घरी आले आणि चिऊ झोपलेली असताना कापूस ओला करून ठिपके पुसायला गेले. दुपारचं ऊन तिच्या तोंडावर होतं. पापणी हळूच वर केली. कापूस जांभळा झाला, ठिपके तसेच. दुसरा बोळा घेतला — तोही — आठ बोळे. मग ती जागी झाली आणि मावशी म्हणून हसली, टाके ओढले तरी हसली —

उद्या सत्तावीस. उद्या शेवटचा.

दवाखान्यात आज सगळ्यांच्याच डोळ्यांत. मुकादमने विचारलं होतं परवा, तिलाही तेच सांगितलं. औषधाच्या खिडकीवरचा माणूस, वॉर्डातली बाई — कुणी विचारलं, कुणाला मी आपणहून — आठवत नाही. सगळ्यांच्या माना एका बाजूला. मी एकटीच ताठ, आणि सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मीच —

सांगणार. उद्या. शब्द पाठ केलेत. ‘बाई, मी काकांना निजवून खूण केली.’ सहा शब्द. आरशात बघून म्हणायचं होतं, पण आरशात बघायचं धाडस —

२७ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा

बाकावर आहे. दार बंद, आत एक पेशंट, मग आम्ही. काका शेजारी आहेत. शेवटची तपासणी. वही मुद्दाम आणली. तोंडातून निघालं नाही तर एकोणीस तारखेचं पान उघडून बाईंपुढे ठेवायचं. नुसतं ठेवायचं. तेवढं जमेल.

काकांनी माझा हात धरलाय. म्हणतायत, सगळ्यांनी एवढं केलं माझ्यासाठी. पुतण्याला हत्यारं देऊन टाकणार आहेत उद्या. थापी, ओळंबा, सगळं. आज बाई जे म्हणतील ते शेवटचं. त्यांचा आवाज जराही —

अजून वेळ आहे. वीस मिनिटांचं काम आहे म्हणे भिंग फिरवणं. वीस मिनिटं —

हात थरथरतोय. माझा. पहिल्यांदा.

सव्वाअकरा

मानेला रग लागली म्हणून जरा कलती केली. आणि सगळं एकदम सरळ झालं. दार, बाक, काका, भिंतीवरचा तक्ता. सगळ्यांच्या माना ताठ. इतक्या दिवसांनी. किती बरं वाटतंय ते लिहिता —

पुन्हा ताठ केली. पुन्हा कललं सगळं.

कलती केली. शांत.

एकदाच, मनातल्या मनात, म्हणून बघितलं. काका बसले होते.

कुणी नाही म्हणालं नाही.

अकरा वीस

खरं म्हणजे बसलेच होते. आता आठवतंय. खिडकीतून ऊन येत होतं, त्यांच्या डाव्या गालावर. मी हनुवटी दोन बोटांनी वर केली तर म्हणाले, फोटो काढतेस का पोरी. आम्ही दोघंही हसलो. थिएटरला खिडकी नाही — नाही, आहे, असणारच, नाहीतर ऊन कुठून. एकोणीस तारखेचं ते मी का लिहिलं कळत नाही. दमलेलं माणूस काहीबाही लिहितं. पान फाडून घडी करून मुठीत ठेवलंय, उगाच कुणी वाचलं तर भावोजींच्या नावाला —

दार उघडलं. बाई हसून विचारतायत, शेवटचं विचारते, बसवूनच ना. काका उठतायत, माझ्याकडे बघून. हो सांगते. उभी राहते. किती सरळ आहे सगळं, रेघ न् रेघ. फक्त डोळ्यात चुरचुरतंय, बुबुळाच्या दोन्ही कडांना, काहीतरी ओलं, वहीवर टपकलं, जांभळं, पुसायला हवं पण बाई बोलाव—